तिकडचा राहुकाळ

एका बाईला मी खोटी वेळ सांगितली. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. ऐकायला किरकोळ वाटेल. पण त्या बाईचा आवाज त्या दिवशी कायमचा जाणार होता, आणि तो जायच्या आत तिला आपल्या मुलाशी एकदा बोलायचं होतं. मुलगा अमेरिकेत होता. फोन समोरच्या बूथवर होता, नंबर माझ्या खिशात होता. मी तिला म्हणालो, तिकडे आता रात्र आहे. रात्र नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी पुण्याहून बंगळूरला नोकरीला गेलो. आमची सॉफ्टवेअर कंपनी म्हणजे पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा वरचा मजला. खाली लेथ चालायचे, वर आम्ही बूट बाहेर काढून, संगणकांसाठी लावलेल्या एसीत काकडत बसायचो. काम अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका दुकानांच्या साखळीचं होतं. आमचे दोघंतिघं तिकडे, बाकी सगळे इकडे. आम्ही जेवायला उठायचो तेव्हा ते झोपायला जायचे.

सुरुवातीला या उलट्या घड्याळाचं कुणाला भान नव्हतं. अडलं की लोक फोन उचलायचे. एकानं तिकडच्या मोठ्या साहेबाला ऐन झोपेतून उठवून प्रिंटरमध्ये कागद अडकल्यासारखी काहीतरी क्षुल्लक शंका विचारली, तेव्हा तक्रार आली आणि मॅनेजरनं मला बोलावलं. "तू जरा नीटनेटका आहेस. काहीतरी शिस्त लाव." मी लावली. भिंतीवर दोन घड्याळं टांगली आणि खाली एक कागद चिकटवला. तिकडे रात्र असताना फोन नाही, मेल करायचा. मेलच्या वरच लिहायचं, उत्तराची घाई नाही. वाईट बातमी तिकडच्या सकाळी पोचेल अशी पाठवायची, म्हणजे माणसाला ती घेऊन रात्र काढावी लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी तर पाठवायचीच नाही.

लोकांनी आधी टिंगल केली. तिकडच्या रात्रीला आमच्यातल्या एका कन्नड मुलानं नाव दिलं, राहुकाळ. बंगळूरात राहुकाळ पाहिल्याशिवाय माणूस स्कूटरसुद्धा विकत घेत नाही, त्यामुळे नाव लगेच चिकटलं. मला सगळे गुरुजी म्हणायला लागले.

"गुरुजी, मेल पाठवू का? राहुकाळ संपला?"

"संपला. पाठव."

"पुण्याचाच ना तू! तुमच्याकडे दुपारी सगळ्या गावालाच राहुकाळ लागतो म्हणतात."

मी हसायचो. आतून मला बरं वाटायचं. दुसऱ्याच्या झोपेची एवढी काळजी घेणारा माणूस मी एकटाच आहे असं वाटायचं. पुढे तिकडच्या साहेबानं त्या कागदाचं कौतुक केलं आणि मी आणखीनच गुरुजी झालो.

तिकडे गेलेल्यांत माझा मित्र होता. त्याचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बंगळूरात मुरलेलं. बसवनगुडीत एका घराच्या वरच्या मजल्यावर तो आणि त्याची आई भाड्यानं राहायचे. वडील लहानपणीच गेलेले. आई त्याला पुट्टा म्हणायची, कन्नडमध्ये लहान लेकराला म्हणतात तसं, आणि तो तिला अम्मा. मी तिला काकू म्हणायचो. माझी खोली जवळच होती, पीण्याला आम्ही माझ्या स्कूटरवरून जायचो, आणि संध्याकाळी त्याला सोडायला गेलो की काकू मला जेवल्याशिवाय सोडत नसत.

काकूंचा आवाज मोठा होता. गोड नव्हे, मोठा. भाजीवाला कोपऱ्यावर असतानाच त्या वरच्या खिडकीतून त्याच्याशी भाव करायच्या, आणि तो खालूनच हार मानायचा. मला म्हणायच्या, "ये की पुणेकर. स्वल्प बस. एवढंसं खातोस, तुमच्यात पाहुण्याला विचारून वाढतात करून तुलाही सवय नाही वाटतं." आणि न विचारता वाढायच्या.

त्या दुकानांचं नवीन काम सुरू करून द्यायला पुट्टा तिकडे गेला तेव्हा काकूंच्या घरी फोन नव्हता. नाव नोंदवून ठेवलं होतं, नंबर लागायचा होता. खाली घरमालकीण अक्का राहायच्या, त्यांच्याकडे होता. तेव्हा शेजाऱ्याचा नंबर आपला म्हणून द्यायची पद्धतच होती. पण शेजाऱ्याच्या फोनला शेजाऱ्याची सोय बघावी लागते. अक्का लवकर निजायच्या, सकाळी त्यांची पूजा लांब चालायची. मग मीच वेळ बसवून दिली. दर रविवारी, अक्कांची पूजा आटोपल्यावर. तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ. कुणाचीच झोपमोड नाही. काकू धुतलेली साडी नेसून आधीच खाली जाऊन बसायच्या. अक्कांना त्या एवढंच म्हणाल्या, "आमचा पुणेकर बघा, अमेरिकेचं पंचांग काढलाय त्यानं."

त्यांचा आवाज आधी बसल्यासारखा झाला. थंडीचे दिवस होते, आम्ही सगळ्यांनीच दुर्लक्ष केलं. फोनवर पुट्टानं विचारलं, "अम्मा, आवाज का असा?" तर म्हणाल्या, "सर्दी रे." ती सर्दी गेली नाही. मग मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं, एकाकडून दुसऱ्याकडे, आणि शेवटी एका मोठ्या रुग्णालयात. घशात गाठ होती आणि ती स्वरयंत्रात शिरली होती. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलले. जीव वाचवता येईल, आवाज नाही. स्वरयंत्र काढावं लागेल, गळ्याला भोक राहील, श्वास तिथून. लवकर करायला हवं.

बाहेर येऊन काकू बाकावर बसल्या. मी पुट्टाला कळवायचं म्हणालो.

"नको."

"काकू, त्याला कळायला हवं."

"कळलं की तो येतो. आला की नोकरी जाते. तुम्ही सगळे म्हणता की ते नवीन काम सुरू व्हायचा दिवस आलाय. त्याला ओढू नकोस. माझ्या गळ्याची शपथ घे." मग स्वतःच थोडं हसल्या. "याच गळ्याची घे. आहे तोवर."

मी शपथ घेतली. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. का वाटलं ते पुढे सांगतो.

मी पुट्टाला मेल केला. तिकडच्या सकाळी पोचेल असा. घशाची एक छोटी शस्त्रक्रिया आहे, काळजीचं कारण नाही, उत्तराची घाई नाही. त्याचं उत्तर आलं. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे, असं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी मी आणि अक्का रुग्णालयात होतो. अक्कांनी राहुकाळ टाळून वेळ मागून घेतली होती आणि डॉक्टरांनी हसून दिली होती. काकूंना हिरवा झगा घातलेला, बांगड्या काढलेल्या. आदल्या दिवसापर्यंत त्या शांत होत्या. त्या सकाळी त्यांनी माझं मनगट धरलं.

"पुट्टाला फोन लावतोस?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"सांगत नाही रे मी त्याला काही. शपथ तशीच राहू दे. नुस्तं बोलते. जेवलास काय विचारते. एवढंच. त्याच्या कानात असू दे."

आवाज तोवर खरखरीत झाला होता, पण त्यांचाच होता.

रुग्णालयाच्या फाटकासमोर बूथ होता, परदेशी फोन लागणारा. मी त्याच्या पिवळ्या पाटीकडे खिडकीतून बघत होतो. सकाळचे आठ वाजत आलेले. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ, साडेसहाच्या आसपास. हे मला हिशेब न करता कळायचं, झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. आणि हेही माहीत होतं की पुट्टा त्या वेळी ऑफिसात आहे. कारण नवीन काम सुरू करायची संध्याकाळ तीच होती.

मी म्हणालो, "काकू, तिकडे आता रात्र आहे."

अक्का मध्येच बोलल्या, "असू दे की रात्र! आई आहे ती. उठेल. फोन माडप्पा, कर की फोन."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "राहुकाळ काय रे तिकडे?"

तो शब्द त्यांनी माझ्याचकडून ऐकला होता. जेवताना मीच कधीतरी त्यांना कागदाची गंमत सांगितली होती.

"हो काकू. राहुकाळ आहे."

"मग नको," त्या म्हणाल्या. "झोपू दे लेकराला. उद्या त्याचं मोठं काम."

अक्का काहीतरी पुटपुटत तोंड वळवून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं काकूंनी पुन्हा विचारलं, आता तरी उजाडलं असेल काय. मी नाही म्हणालो. स्ट्रेचर आलं तेव्हा तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली. त्यांना आत नेलं.

आता ते का, ते लिहितो. इतकी वर्षं मी स्वतःलाही ते नीट सांगितलेलं नाही. आदल्या दिवशी मॅनेजर मला म्हणाला होता की उद्या तिकडच्या मुलांना कुणी घरगुती फोन करू नका, डोकं ठिकाणावर राहू दे. ते मला सबब म्हणून पुरलं. पण त्यानं मला बांधून ठेवलं नव्हतं, आणि एका मिनिटाच्या फोनानं कुणाचं डोकं फिरत नाही. खरं कारण असं होतं की त्या आवाजावरून पुट्टाला कळलं असतं. तो हुशार होता आणि आईचा होता. त्यानं काम तसंच टाकलं असतं आणि पहिल्या विमानानं निघाला असता. काम फसलं असतं, तर तिकडे जायची पुढची तुकडी रद्द झाली असती. त्या तुकडीत माझं नाव होतं. माझे कागद व्हिसासाठी गेलेले होते. मला अमेरिकेला जायचं होतं. एवढंच. काकूंनी शपथ घातली तेव्हा मला जे हलकं वाटलं, ते यासाठी.

आणि दुसऱ्याची झोप जपणारा म्हणून माझी ख्याती होती, त्यामुळे माझ्यावर कुणाला शंका आली नाही. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. दुसऱ्या कुणी रात्र आहे म्हटलं असतं तर अक्कांनी निदान भांडून विचारलं असतं, किती वाजले तिकडे. गुरुजीला कोण विचारणार?

शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टर म्हणाले, गाठ पूर्ण निघाली. मी पुट्टाला मेल केला, सगळं ठीक, आई आनंदात आहेत. त्याचाही मेल आला, नवीन काम सुरू झालं, सगळं ठीक. ऑफिसात पेढे वाटले. मी एक खाल्ला.

काकू घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी ठरल्या वेळी फोन आला. अक्कांनी मला आधीच बजावलं होतं, "तू बोल रे, तूच सांग." मी घेतला. म्हणालो, डॉक्टरांनी काही आठवडे बोलायला मनाई केलीय. पुट्टा म्हणाला, "बरं बरं, नको बोलू दे. नुसता तिच्या कानाला लाव, मी बोलतो."

मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. त्या ऐकत होत्या. तो तिकडचं काय काय सांगत असावा, थंडीचं, स्वयंपाकाचं. काकू मान हलवत होत्या, जणू त्याला दिसत होतं. मग त्यांनी रिसीव्हर माझ्या हातून घेतला, दोन्ही हातांनी तोंडापाशी धरला आणि बोलायला लागल्या. ओठ पूर्ण हलत होते. गळ्याशी पांढऱ्या जाळीचा फडका होता, तो आतबाहेर होत होता, आणि तिथून नुसती हवा येत होती. वाक्य संपल्यावर आपण थांबतो तशा त्या थांबायच्या, आणि पुन्हा सुरू करायच्या. अक्का स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मी रिसीव्हर परत घेतला तेव्हा पुट्टा म्हणत होता, "लाइन खराब आहे का रे? नुसता वारा येतोय."

"हो," मी म्हणालो, "लाइन खराब आहे."

तो काही महिन्यांनी सुट्टीवर आला. तोवर आम्ही हे असंच रेटलं होतं. आता डॉक्टरांची मनाई, आता सूज, असं करत. काकूंनाही ते मान्य होतं, त्याचं काम पूर्ण होऊ दे म्हणून. विमानतळावरून त्याला घरी आणताना बसवनगुडीच्या वळणावर मी त्याला सांगितलं. स्कूटर बंद केली आणि सांगितलं. तो बराच वेळ उतरलाच नाही, माझ्यामागे बसून राहिला. मग म्हणाला, "चल."

तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तो आईसमोर बसला होता. काकूंकडे एक शाळेची पाटी असायची, तिच्यावर लिहून त्या बोलायच्या. तो रागात होता, पण आवाज चढलेला नव्हता. "मला ते काम नको होतं अम्मा," तो म्हणत होता. "आणि काम तरी काय? त्या संध्याकाळी आम्ही संगणकावर माहितीच्या टेपा चढायची वाट बघत पत्ते खेळत बसलो होतो. तीन तास. फोन माझ्या टेबलावर होता." मग तो म्हणाला, "एकदा बोलावंसं वाटलं नाही तुला? आत जायच्या आधी? एकदासुद्धा?"

काकूंनी पेन्सिल उचलली.

त्या काय लिहिणार ते मला माहीत होतं. वाटलं होतं की रे, पण तिकडे रात्र होती. पुट्टानं वाचलं असतं आणि विचारलं असतं, किती वाजता नेलं तुला? आणि त्याला हिशेब करायला एक क्षण लागला नसता.

मी पटकन बोललो. "काकूंनीच नको म्हटलं रे. मी लावतो म्हणत होतो. त्याच म्हणाल्या, त्याचं मन विचलित होईल. नकोच म्हणाल्या."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. तो पहिला खोटेपणा त्यांना तोवर कळला होता की नाही, मला माहीत नाही. कदाचित नसेल. कदाचित पत्त्यांचं ऐकून त्याच क्षणी कळला असेल. पण हा दुसरा तर त्यांच्यासमोर, त्यांच्याच नावावर चाललेला होता, आणि त्यांच्या हातात पेन्सिल होती. एक ओळ लिहिली असती तर मी संपलो असतो. मी तिथे उभा राहून त्या ओळीची वाट बघितली. ती लिहिली असती तर बरं झालं असतं, असं आता म्हणणं सोपं आहे. तेव्हा मी देवाची प्रार्थना करत होतो की त्यांनी लिहू नये.

त्यांनी लिहिलं, "सरी." म्हणजे ठीक आहे, असू दे. बंगळूरात दुकानदार, रिक्षावाले, सगळे दिवसातून शंभरदा म्हणतात तो शब्द. त्यांनी पाटी आधी त्याच्याकडे वळवली आणि मग माझ्याकडे.

पुट्टा उठून गच्चीवर गेला. काकूंनी पाटी पदरानं पुसली, आणि खुणेनं मला विचारलं, जेवणार का. मी जेवलो. विचारून वाढलेलं त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जेवलो.

मी अमेरिकेला गेलो. दोन वर्षं राहिलो, पैसे आणले, पुण्यात घर घेतलं. तिकडे असताना कुठल्याही संध्याकाळी साडेसहाला माझ्या टेबलावरचा फोन वाजला की मी तो उचलायच्या आधी दोनतीनदा वाजू द्यायचो. कामाचाच असायचा. काकू त्यानंतर काही वर्षं जगल्या. पुट्टा तिकडेच स्थायिक झाला. तो वर्षाआड यायचा, पण आईपाशी त्याचं काहीतरी तुटलं होतं. फार विचारपूस करायचा, वेळेवर सगळं पाठवायचा, आणि जवळ बसायचा नाही. एकदा मला म्हणाला, "तिला माझी गरज कधी नव्हतीच रे. ती तशीच आहे, कणखर." मी म्हणालो, "हो, कणखर आहेत." काकू गेल्या तेव्हा तो पोचेपर्यंत उशीर झाला होता. मी होतो. मीच त्याला कळवलं, आणि तेव्हाही, सवयीनं, तिकडे उजाडायची वाट पाहिली.

तो अजून मला निरोप पाठवतो. खाली न चुकता लिहितो, सावकाश उत्तर दे, तुमच्याकडे रात्र असेल. फोन करायच्या आधी विचारतो, आत्ता चालेल ना? मला तो सगळ्यात जुना आणि सगळ्यात विचारी मित्र मानतो. त्याच्या आईनं त्याला सोडलं असं त्याला वाटतं, आणि मी धरून ठेवलं असं वाटतं.

मी त्याला हे देणं लागतो: तुझ्या आईनं त्या सकाळी मला दोनदा तोंडानं आणि तिसऱ्यांदा नजरेनं तुला फोन लावायला सांगितलं होतं. तिला तुझ्याशी बोलायचं होतं. तिकडे संध्याकाळ होती आणि मी तिला रात्र सांगितली, कारण मला अमेरिकेला जायचं होतं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.